कॉफीसाठी आणलेलं मूळ

मंडळी, आज सकाळी घरात जे घडलं ते सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना, अब्बांना, डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय. मुळ्या भाजून कॉफीसारखं पेय करतात, असं मी वाचलं होतं. कासार आंबोलीतल्या आमच्या घरामागच्या टेकडीवरून मी शतावरीच्या मुळ्या खणून आणल्या. वाळवून भाजल्या, दळल्या. वास इतका छान सुटला की अब्बा आज कप घेऊनच बसले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. ओट्यावर एक न दळलेलं मूळ उरलं होतं. ते बघताच त्यांनी अब्बांच्या ओठांपाशी गेलेला कप हिसकावून मोरीत ओतला.

"अम्मी, काय झालं?"

"शतावरी न्हाई ही, कळलावी हाय. इख हाय. माझी धाकटी बहीन ह्यानंच गेली. आमी दोघींनीच रताळं समजून खणलं व्हतं. तिनं आदी खाल्लं."

इतकी वर्षं या घरात आहे, पण अम्मींना बहीण होती हे मला आज कळलं. अब्बांनाही ते माहीत नव्हतं.

भुकटी मी खड्ड्यात पुरली. अम्मी अजून ओट्यापाशीच बसल्यात. बहिणीचं नाव हसीना होतं, एवढंच बोलल्या.

तुमच्या आईला, सासूला भावंडं किती होती, तुम्ही कधी विचारलंय?