सुनंदाताईंचे तंबू आणि माझी डुलकी

आता काय सांगू तुम्हाला! खरंतर हे लपवायलाच हवं. पण निम्म्या काशीदला ठाऊक आहे, मग तुमच्यापासून कशाला लपवू?

आमच्या युवक मंडळाचं शिबिर होतं, काशीदच्या सुरूच्या बनात. वीस पोरं आणि मोठा माणूस मी एकटा. तंबू आमचे नव्हते, पाली गावच्या युवक गटाचे. त्यांच्या सुनंदाताईंनी देताना बजावलेलं, "सर, एक जरी काठी मोडली तर मला तोंड दाखवू नका. तुमचं शिबिर संपलं की त्याच दिवशी चारला आमची पोरं तंबू घेऊन पुढच्या मुक्कामाला जाणार आहेत. त्यांना राहायला हेच तंबू आहेत."

सुरक्षेच्या बाबतीत मी भलताच कडक! पहिल्याच दिवशी सांगितलं, "तीन शिट्ट्या म्हणजे संकट. हातातलं टाकून धावायचं." तंबूच्या दोन काठ्या आणि चादर घेऊन स्ट्रेचर कसं करायचं, तेही शिकवलं.

शेवटच्या दुपारी माझ्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं हो. तीन दिवस कुणाची उलटी, कुणाची हरवलेली चप्पल, कुणाला खोल पाण्यातच पोहायचंय! पोरं तंबू उतरवत होती. मी झाडाला टेकलो. शिट्टी तोंडातच, न जाणो कुणी पाण्याकडे पळालं तर? म्हटलं, मिनिटभर डोळे मिटू.

आपण घोरतो हे माणसाला स्वतःला कधी कळतं का?

फुर्र. फुर्र. फुर्र!

जाग आली तेव्हा आभाळ हलत होतं. मी चादरीत आडवा, दोन्ही बाजूंना घामेघूम पोरं. आमची गटप्रमुख तन्वी ओरडत होती, "सर, हलू नका! बोलू नका!"

मला वाटलं, नक्की कुणीतरी बुडालं! मी आडव्याआडव्याच जीव खाऊन तीन शिट्ट्या मारल्या.

झालं! उरलेली पोरं धावली. होडीवाले धावले. मासळी वाळवणाऱ्या दोन बायका धावल्या. सगळे येऊन स्ट्रेचरवर आदळले. कडाड्! काठी मोडली आणि मी वाळूत.

मासळीवाल्या आजी माझ्यावर वाकल्या. "काय झाला यांना?"

"बेशुद्ध पडलेत," तन्वी रडवेली.

आजींनी माझं तोंड निरखलं. "न्हाय गो बाय. निजला व्हता मास्तर. गालावर लाळ हाय बघ."

नेमकी तेव्हाच पालीची जीप आली. सुनंदाताईंनी आधी काठी पाहिली, मग मला.

"कुणाला लागलंय?"

"नाही."

"मग हे कसं झालं?"

खरं तेच सांगितलं. वीस साक्षीदार समोर असताना दुसरं काय सांगणार? त्या हसल्यासुद्धा नाहीत. प्रथमोपचाराची पेटी उघडून काठीला बँडेज बांधत बसल्या. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

परवा यंदाच्या शिबिराचं पत्रक आलं. मार्गदर्शकांत माझं नाव शोधलं, नव्हतं. वाटलं, चला, सुटलो! पान उलटलं तर सापडलं. 'जपून न्यायचं सामान' या मथळ्याखाली, अंडी आणि कंदिलाच्या मधोमध.