थांबल्यावर तुटणारा धागा

आईनं शिवणकाम सोडायचं ठरवलं तेव्हा मी नागपूरला कृत्रिम धाग्यांवर संशोधन करत होते. फोनवर ती यातलं काहीच बोलली नव्हती. सुट्टीत गावी, गोंदियाजवळच्या मुर्रीला आले, तर घरातली पायमशीन चादर टाकून कोपऱ्यात सरकवलेली. विचारलं, तर म्हणाली, "माहे हात गेले आता."

मला ते पटेना. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर आईनं शिवलेले ब्लाऊज होते. मग हळूहळू कळलं की अडचण घरच्या मशीनवर आलेलीच नव्हती. बचत गटानं विहाराशेजारच्या खोलीत कारखान्यात असतात तशा वेगवान मशीन बसवल्या होत्या आणि गटाला शाळेच्या दप्तरांचं काम मिळालं होतं. जाड नायलॉनचं कापड, त्याचे एकावर एक थर, आणि शिवायला पॉलिएस्टरचा धागा. बाकीच्या बायकांचा धागा कधीमधी तुटायचा, आईचा मात्र सारखाच. गटात सगळ्यात जुनी शिवणारी तीच. धागा तुटला की शेजारच्या मशीनवरची बाई मुद्दाम दुसरीकडे बघायची, आणि तेच आईला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बळेच गटाच्या खोलीवर नेलं आणि तिच्या बाजूला बसले. तिनं पाय दाबला तशी मशीन घरघरली आणि दप्तराची कड सरसर पुढे गेली. हात कुठेच अडखळला नाही. कोपरा आला, कापड वळवायला ती थांबली, पुन्हा पाय दाबला आणि धागा तुटला.

"चालून राहते तवरी काही होत नाही," ती म्हणाली. "थांबलं का तुटते. काऊन तुटते, तूच सांग."

माझं संशोधन नेमकं याच्याच आसपासचं होतं. शिवणीतून धागा अलगद उसवून ताणून पाहिला, तर तो रिळावरच्या धाग्यापेक्षा कमजोर निघतो. का निघतो, ते मी शोधत होते. रिळावरचा धागा सुईतून थेट कापडात जाऊन बसतो असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. प्रत्येक टाक्याला सुई धाग्याचा लांब फास खाली नेते, तो बॉबिनला वळसा घालतो आणि बराचसा पुन्हा वर ओढला जातो. पुढे सरकतो तो जेमतेम टाक्याएवढा. म्हणजे धाग्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो, आणि मग कुठे कापडात विसावतो. हे मला पाठ होतं. पण आईच्या पायाखाली ती मशीन घरघरताना ऐकलं, तेव्हा पहिल्यांदाच अंगावर काटा आला. तुटलेली टोकं मी एका पिशवीत घालून नागपूरला घेऊन गेले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी धाग्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवतात, नाहीतर चित्र नीट उमटत नाही. आईच्या धाग्यावरही चढवला. पडद्यावर आधी तंतूच तंतू दिसले. काचेच्या कांड्यांसारखे गुळगुळीत, एकमेकांना बिलगून एकाच दिशेला वळलेले. मग मी टोकाकडे सरकले. ताण बसून तुटलेला तंतू फाटल्यासारखा दिसतो. इथे मात्र टोकांचे गोल थेंब झाले होते आणि चार-पाच तंतू मिळून एकच गोळा. धागा तुटला नव्हता, वितळला होता.

नायलॉनच्या त्या थरांना घासून घासून सुई इतकी तापत होती की पॉलिएस्टर वितळावं. तेही आमच्या मुर्रीत, पंख्याखाली, आईच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मशीन चालू असेपर्यंत धागा नेढ्यातून भर्रकन निघून जात होता, त्याला वितळायला सवड मिळत नव्हती. ती थांबली की तो तापलेल्या नेढ्यात अडकून पडायचा. जिचा हात सगळ्यात जलद, तिची सुई सगळ्यात जास्त तापणार.

फोनवर सांगून भागण्यासारखं नव्हतं. पुढच्या शनिवारी कमी घासतील अशा बारीक दांड्याच्या सुया, वरून निसरडा लेप दिलेला धागा आणि ते चित्र घेऊन मी गाडीत बसले. आईनं चित्र हातात घेतलं, उजेडात धरलं.

"म्हणजे धागा पिघळून राहिला होता?"

मी हो म्हटलं.

"आन मले वाटे..." ती म्हणाली आणि आपल्या हातांकडे बघितलं.

मग खोलीवर जाऊन सगळ्या जणींना मी प्रयोगशाळेतल्या वेगवान कॅमेऱ्यानं टिपलेली फिल्म दाखवली. टाका कसा पडतो ते त्यात अगदी सावकाश दिसतं. सुई खाली जाते, किंचित वर येते, तेवढ्यानं धाग्याला पोट सुटतं. वाट बघत असल्यासारखा खालचा आकडा पुढे येतो, तो फास पकडतो, ओढून मोठा करतो आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणतो. हे सगळं मशीनच्या पत्र्याखाली चालतं. आई जन्मभर नुसत्या आवाजावरून ते ओळखत आली होती.

"एवढं सगळं एका टाक्यात?" तिनं विचारलं, आणि फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. शेजारची ती बाईही आता तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

नव्या सुईनं, लेपाच्या धाग्यानं आणि कोपऱ्याआधी वेग उतरवल्यानं धागा तुटणं पार थांबलं नाही, पण क्वचितवर आलं. दप्तरं पूर्ण झाली. पायमशीनवरची चादर कधी निघाली ते मला कळलंही नाही.

धान कापून झाल्यावर आई नागपूरला प्रयोगशाळा बघायला आली. तिच्या सिंथेटिक साडीच्या पदराचा एक धागा आणि माझ्या सुती रुमालाचा एक धागा आम्ही सूक्ष्मदर्शकात ठेवले. सोन्याचं ऐकून ती हसली. "माह्या लुगड्याले सोनं लावून राहिले," म्हणाली. मग पडदा उजळला आणि ती पुढे सरकली. कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेला, वाळलेल्या वेलीसारखा. शेजारी पॉलिएस्टरचा, सरळ आणि नितळ. तो खनिज तेलापासून बनवतात, वितळवून बारीक भोकांमधून ओढतात, असं मी सांगितलं.

"हे माणसानं केलं?" तिनं विचारलं. जरा वेळानं कापसाकडे बोट दाखवून म्हणाली, "आन हे शेतात झालं."

खुर्ची दिली होती, पण ती उभीच राहिली. गोंदियाच्या गाडीची वेळ होत आली होती. मी दोनदा आठवण केली. तिनं मान हलवली, पण पडद्यावरची नजर काढली नाही, आणि मलाही निघावंसं वाटत नव्हतं.