लिफ्ट बंद, प्रोजेक्ट सुरू

लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत किस्से फार साठतात. प्रत्येक मजल्यावर माणूस दम खायला थांबतो आणि आमच्या सोसायटीत थांबलेला माणूस गप्प राहत नाही. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. तिथे एखादं काम रखडवायचं म्हटलं तर तीन-चार खाती लागायची. आमच्या निनादने ते एकट्याने करून दाखवलं.

निनाद तिसऱ्या मजल्यावर राहतो, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. लिफ्टची मोटर जळाली तेव्हा "मी बघतो" असं तोच म्हणाला. बाकी कोणालाच बघायचं नसल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

घाई एकाच व्यक्तीला होती. पाचव्या मजल्यावरच्या गायकवाड बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी जिना बंद केलेला, आणि महिनाअखेरीला स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये नातीचं लग्न.

दोनच दिवसांत फिटर मोटर घेऊन हजर झाले. निनादने त्यांना परत पाठवलं.

"का रे?" मी विचारलं.

"काका, अजून किक-ऑफ मीटिंग, म्हणजे शुभारंभाची बैठक, झालेली नाही. काम आधीच सुरू झालं तर प्लॅन कशाचा करायचा?"

*

मग रोज सकाळी पार्किंगमध्ये स्टँड-अप मीटिंग. ही उभ्यानेच करायची असते, म्हणजे लवकर आटोपते. आमच्यातले बहुतेक सत्तरीपलीकडचे. पहिल्याच दिवशी मी घडीची खुर्ची नेली.

"काका, बसलं की मीटिंग लांबते."

"मग तू थोडक्यात बोलून बघ की."

पाचव्या मजल्यावरून खाली येणं शक्य नसल्यामुळे बाई गैरहजर. आठवड्याने निनादने जाहीर केलं की ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचाच सहभाग समाधानकारक नाही. बाई गॅलरीतून म्हणाल्या, "लिफ्ट सुरू कर. रोज येते."

*

पुढे त्याने सगळ्यांच्या अपेक्षा, म्हणजे त्याच्या भाषेत रिक्वायरमेंट, मागवल्या. कोणाला पंखा हवा, कोणाला आरसा. पहिल्या मजल्यावरच्या जोश्यांचं म्हणणं, लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबूच नये. आम्ही वापरत नाही, मग पाहुण्यांना सवय कशाला?

अपेक्षांवर फोनवरून मतदान झालं. आरसा प्रचंड बहुमताने आला. "खाली उतरता यावं" याला एकच मत पडलं, बाईंचं. ते तळाला गेलं.

आरसा लगेच आला. लावायला लिफ्ट नव्हती, म्हणून पार्किंगमध्ये टेकवून ठेवला. सकाळच्या मीटिंगला उपस्थिती दुप्पट दिसू लागली.

*

सोसायटीच्या फलकावर दर सोमवारी प्रगतीचा तक्ता लागे. सगळे रकाने हिरवे.

"लिफ्ट बंद आहे, मग हिरवं काय आहे?" जोशी म्हणाले.

"काका, लिफ्ट बंद आहे. प्रोजेक्ट सुरू आहे."

दुसऱ्या दिवशी तक्त्याखाली जोश्यांच्या अक्षरात एक ओळ दिसली : 'जिना अद्याप राखाडीच आहे. रहिवाशांनी नोंद घ्यावी.'

*

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा निनादला वेगाची आठवण झाली. फिटर म्हणाला, दोघांचं चार दिवसांचं काम आहे. निनादने आठ माणसं मागवली, म्हणजे एका दिवसात होईल. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत दोनच माणसं मावतात. उरलेली सहा जिन्यात बसून राहिली. आता जिनाही बंद झाला.

बाईंचं दूध दुसऱ्या मजल्यावर अडकलं. निनादने त्या सहांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला. तोही जिन्यातच बसला.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी मोटर एकदाची बसली. लिफ्टमध्ये दिवा लागला. मी म्हटलं, "पाठव वर, बाईंना आणू."

"असं कसं, काका? युजरने, म्हणजे बाईंनी, टेस्ट केल्याशिवाय सुरू करता येत नाही. आणि टेस्ट तळमजल्यावरून सुरू होते."

"म्हणजे लिफ्टने खाली येण्यासाठी बाईंनी आधी खाली यायचं?"

"फक्त पहिल्यांदा."

आम्ही वर गेलो. निनादने समजावलं, फिटरची माणसं खुर्चीत बसवून उतरवतील.

बाई म्हणाल्या, "चार जणांनी उचलून न्यायची एकच वेळ असते, निनाद. ती अजून यायची आहे." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या."

दार उघडलं तेव्हा त्या नवी साडी नेसून तयार होत्या. मांडीवर बॅग. चौघांनी खुर्ची उचलली. वाटेत बाईंनी एकाला, डावीकडून फार हलतंय, अशी सूचना केली. खाली निनाद फोनमध्ये टेस्टची यादी उघडून लिफ्टच्या दारात उभा होता.

"इथे नको," बाई फिटरना म्हणाल्या. "गेटपर्यंत न्या."

जोश्यांनी रिक्षा थांबवली. बाई आत बसल्या.

"बाई, टेस्ट?" निनाद धावत आला.

"तू कर. मला लग्न आहे. महिनाभर मुलीकडेच राहणार आहे."

रिक्षा गेली. निनादने फोनमधली यादी बंद केली. मग लिफ्टमधला दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं आणि फिटरना निरोप दिला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला :

"युजर आज तळमजल्यावर सुखरूप पोहोचल्या. रिक्वायरमेंट वेळेआधी पूर्ण. प्रोजेक्ट क्लोज करत आहोत. सर्वांचे अभिनंदन."