आत कोणीतरी आहे

घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली एक मावशी रोपं विकायची. गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी ती विचारायची, "कितवा मजला?"

मी लिंबाचं रोप उचललं. एका पानावर गोगलगाय फिरून गेल्यासारखी रुपेरी, नागमोडी रेघ होती. ते पान मी खुडायला गेले, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे ताई. आत कोणीतरी आहे." मग हिरवट पडलेल्या नखाने ती रेघ गिरवू लागली. "बारीक आहे ना, तिथं अळी अंड्यातून निघाली. खात खात वाढली, तशी रेघ रुंद झाली. आता कडेला पान दुमडून झोपेल."

मी सातवा मजला सांगितला. ती समाधानाने हसली. "तिथवर ही अळी अजून पोचली नव्हती."

पंधरा दिवसांनी पानाची दुमडलेली कड रिकामी होती. ग्रिलवर तिळाएवढा पांढरा पतंग बसला होता. मी हात नेला, तसा तो वर उडाला.

परवा नवव्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचं लिंबू दाखवायला बोलावलं. कोवळ्या पानावर रुपेरी रेघ होती. त्या कात्री घेऊन आल्या. काय करतेय हे मला कळायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं होतं.