कोथरूड ते खराडी: दारात थांबणारी रांग

आमच्या सोसायटीला समाजसेवेचा झटका वर्षातून एकदा येतो. दिवाळीची साफसफाई होते, जुने कपडे निघतात आणि ते कुणाच्या गळ्यात मारायचे यावर सभा भरते. यंदा मात्र जोगकाकांनी कपडे बाजूला ठेवले. जोगकाका आमच्या सामाजिक समितीचे अध्यक्ष, आमच्याच मजल्यावर राहतात आणि निवृत्त झाल्यापासून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. खराडीतल्या एका वस्तीत सातवीनंतर शाळा लांब पडते म्हणून मुली घरी बसतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. आपण त्यांना एक व्हॅन देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. व्हॅन द्यावी की नाही यावर पाच मिनिटं चर्चा झाली. सोसायटीचं नाव व्हॅनच्या दोन्ही बाजूंना लिहावं की मागेही, यावर उरलेली संध्याकाळ गेली.

सभा जोगकाकांच्याच हॉलमध्ये होती. चहा अंकितानं आणला. तिची आई आमच्या विंगचे जिने पुसते आणि ही काकांच्या नातवाला सांभाळते. असेल चौदा-पंधरा वर्षांची. कडेवर बाळ, हातात ट्रे, आणि एक थेंब सांडला नाही. मुलगी शिकली की घर शिकतं, असं काका म्हणाले आणि रिकामा कप तिच्या ट्रेमध्ये ठेवला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा खरंच फक्कड होता.

मग प्रश्न आला, तिकडे जाऊन बघून कोण येणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लडाखला जाऊन आले आहे, बालीला जाऊन आले आहे, त्यावर ब्लॉग लिहिते, तेव्हा खराडीला जायला मीच लायक. कोथरूडच्या माणसाला खराडी बालीपेक्षा लांब वाटते. बालीला निदान ओळखीचं कुणी तरी गेलेलं असतं.

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी माहिती: वनाजला मेट्रोत बसा आणि रामवाडीला उतरा. तीसेक रुपयांत एसी, खिडकी आणि खाली अडकलेल्या लोकांकडे वरून बघण्याचं समाधान मिळतं. रामवाडीच्या बाहेर रिक्षावाले मीटर दाखवतात, तो वापरत नाहीत. शंभर म्हणाले तर सत्तरवर या. नाहीतर बस आहेच, ती येईपर्यंत तुमचा संयम वाढतो. ऊन नोव्हेंबरातही लागतं, टोपी घ्या.

खराडीत काचेच्या इमारती इतक्या आहेत की आपलं तोंड आपल्याला दर दहा पावलांवर दिसतं. त्यांच्या मागे एक नाला, नाल्याला लागून पत्र्यांची आणि विटांची वस्ती. त्या काचा पुसायला, गाड्या चालवायला आणि गेटवर सलाम ठोकायला माणसं लागतात, ती इथून जातात. वस्तीच्या तोंडाशी महापालिकेची सातवीपर्यंतची शाळा. तिची भिंत बघण्यासारखी आहे. रॉकेटवर बसलेली मुलगी, मग पुस्तकाचे पंख लावून उडणारी मुलगी, मग पुन्हा रॉकेटवरची मुलगी. तीन कंपन्यांनी तीन वेळा रंगवली म्हणे. भिंतीवरच्या सगळ्या मुली आकाशात निघाल्या आहेत. खालच्यांना फक्त बायपास ओलांडून आठवीच्या शाळेत जायचं होतं.

ते जमत नव्हतं. मधे दारूचं दुकान, एक ओसाड प्लॉट आणि बाईक आडव्या लावून बसणारी पोरं. एकेक मुलगी गळत गेली. मग वस्तीतल्या बायकांनी काय केलं ते मला छायाताईंनी सांगितलं. छायाताई मूळच्या अकोल्याकडच्या, बुद्धविहाराशेजारी त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि आठवीच्या शाळेच्या पालक समितीवर त्या निवडून आल्या आहेत. मी कार्ड पुढे केलं, व्हॅनचं सांगितलं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि मला नीट न्याहाळलं.

"कोथरूडवरून आल्या? मग थकल्या असाल. चला आता आमच्यासंगं, पायी."

अकरा वाजून गेले होते. शाळा दुपारची. बायकांनी दिवस वाटून घेतले आहेत, रोज दोघी-तिघी मुलींना घेऊन चालत निघतात, संध्याकाळी दुसऱ्या दोघी-तिघी आणायला जातात. इतपत मलाही कळलं. पण या रांगेचा एक नियम आहे. रांग प्रत्येक दारात थांबते. मुलगी बाहेर आली की पुढच्या दारी. नाही आली, तर घरातल्या मोठ्या माणसानं बाहेर येऊन सगळ्यांसमोर कारण सांगायचं. तोवर कुणी हलत नाही. हाका नाहीत, भांडण नाही, भाषण तर मुळीच नाही. नुसतं थांबायचं. एकीसाठी सगळ्या उशिरा पोचतात. शाळेच्या बाईंशी बोलून पालक समितीनं गेट उघडं ठेवायचं कबूल करून घेतलंय.

पुण्यात जन्म काढूनही कुणाला न बोलता इतकं टोचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, या शास्त्रात आमच्या पेठांच्या पुढे कुणी नाही.

पहिली सात-आठ दारं भराभर झाली. नंतर एका निळ्या दारात रांग थांबली आणि थांबूनच राहिली. आत नववीतली दीक्षा. मुली दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत उभ्या होत्या. मी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. छायाताईंनी हळूच सांगितलं की या महिन्यात ही तिसरी वेळ. गेल्या वर्षी याच गल्लीतल्या रूपालीचं असंच झालं होतं, आधी एक दिवस, मग दोन, मग आठवडा, मग लग्नाची पत्रिका. रांग तेव्हा नवी होती, बायका दोन मिनिटं थांबून पुढे गेल्या. ती गोष्ट त्या अजून विसरलेल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं दीक्षाचे वडील बाहेर आले. कंपनीची कॅब चालवतात, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल.

"आज न्हाई जमायचं. हिची आई पहिल्या शिफ्टला हाय. धाकटीला ताप हाय, पाळणाघरात घेत न्हाईत. तिला कोण बगणार?"

"बरं," छायाताई म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

कुणीच हललं नाही. वडिलांनी आम्हाला जायला सांगितलं. छायाताई म्हणाल्या, जाऊ ना, दीक्षा आली की जाऊ, घाई काहून करता. शेजारच्या दारातून एक आजी डोकावल्या आणि आपल्या उंबऱ्यावर बसल्या. पाण्याची कळशी घेऊन चाललेली बाईही थांबली. वडील एकदा आमच्याकडे, एकदा मागे घरात बघत होते. मला त्यांची दया आली, खरं सांगते. झोपेनं ते जागच्या जागी हलत होते. आणि मला रागही आला, कारण दाराच्या फटीतून मला आतलं दिसत होतं. दीक्षा युनिफॉर्म घालून, लाल रिबिनीच्या वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून उभी होती. तापलेली धाकटी तिच्या कडेवर होती.

माझ्याच्यानं राहवेना. मी बॅगेतून पाण्याची बाटली काढली आणि उगाचच म्हटलं, अशा वेळी व्हॅन असती तर... वाक्य पुरं झालं नाही. छायाताई आत गेल्या, दीक्षाच्या कडेवरची धाकटी उचलली आणि आणून माझ्या हातात दिली.

"व्हॅनचं मंग पाहू. सध्या हे धरा."

वर्षा-दीड वर्षाची पोर. तिनं माझ्या टोपीकडे पाहिलं, गॉगलकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की नाल्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतून सिक्युरिटीवाला बाहेर आला. मी तिला थोपटलं, झुलवलं, "अले अले" केलं. ती माझ्या अंगावर ओकली. बालीच्या समुद्रानंही माझे इतके हाल केले नव्हते. दहाएक मुली बघत होत्या, एकही हसली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

वडिलांना ते बघवेना. पुढे येऊन त्यांनी पोर माझ्याकडून घेतली. ती क्षणात गप्प झाली आणि त्यांच्या बनियनला नाक पुसू लागली.

"मी हाय की घरी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जा गं दीक्षा. झोपंल ही माज्याजवळ."

घरात बाप होता. सगळ्या वस्तीला ते माहीत होतं, आजींना माहीत होतं, कळशीवालीला माहीत होतं. फक्त ते त्यांचं त्यांना सुचेपर्यंत सगळ्या थांबल्या होत्या. दीक्षा उंबरा ओलांडून रांगेत शिरली. पुढची मुलगी तिच्यासाठी सरकली आणि रांग चालू लागली. माझे डोळे भरून आले. दोष उन्हावर ढकलायला टोपी आड येत होती.

मुलींना शाळेत सोडून परत येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर आम्ही मिसळ खाल्ली. कोथरूडात यापेक्षा दुप्पट पैसे देऊन निम्मी तर्री मिळते. व्हॅनवर तिथेच बैठक झाली. सगळ्या एका मताच्या होत्या असं समजू नका. एक तरुण बाई म्हणाली, पावसाळ्यात चिखल होतो, व्हॅन घ्या की, नाही कशाला म्हणता. दुसरी म्हणाली, आपलं रोजचं चालणं वाचेल. छायाताईंनी पाव तोडता तोडता सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"व्हॅन दारात थांबते का?" त्या म्हणाल्या. "दोनदा हॉर्न वाजवते अन् जाते. आज दीक्षाले सोडून गेली असती."

तरुण बाईला ते सगळं पटलं असं दिसलं नाही. शेवटी ठरलं की व्हॅन नको, पावसाळ्यासाठी रेनकोट द्या, आणि त्यावर नाव छापायचं असेल तर तेही नकोत. मी निघताना विचारलं, एखादं दार उघडलंच नाही तर? हाकलून दिलं तर? छायाताई म्हणाल्या, एकट्या बाईला हाकलतात लोक, म्हणून तर रांग.

परतीची मेट्रो दुपारची, रिकामी. माझ्या कुर्त्याला येणाऱ्या वासामुळे शेजारची सीटही रिकामीच राहिली. हा एक फायदा.

रविवारी सभेत मी अहवाल दिला, रांगेच्या नियमासकट. व्हॅन नको म्हणतात, हे ऐकून समिती दुखावली. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं म्हणजे काय, ही काही रीत झाली? रेनकोट फारच किरकोळ वाटले. त्यावर नाव येणार नाही म्हटल्यावर तर सगळ्यांनाच आपापली कामं आठवली. शेवटी जोगकाकांनी तोडगा काढला की शाळेची भिंत रंगवून देऊ. रॉकेट कसं वाटेल, असं त्यांनी विचारलं. अंकिता चहाचा ट्रे घेऊन मध्ये उभी होती. या वेळी माझा रिकामा कप मी तिच्या ट्रेमध्ये न ठेवता स्वतःच आत नेऊन ठेवला.

मंगळवारी अकरा वाजता मी जोगकाकांची बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. एका हातात पेपर, चष्मा कपाळावर. आतून बाळाचं रडणं आणि अंकिताचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

अंकिता कितवीत आहे, मी विचारलं. आठवीत असेल, काका म्हणाले. मग आज शाळेत गेली नाही का? त्यांनी पेपरची घडी घातली.

"अहो, सून ऑफिसला जाते. बाळाला कोण बघणार?"

"बरं," मी म्हटलं आणि उभी राहिले.

आत या म्हणाले. नको, म्हटलं. काही हवंय का म्हणाले. नाही, म्हटलं. एकटीची रांग होत नाही आणि जोगकाकांशी माझे पंधरा वर्षांचे संबंध आहेत. दार बंद करावं की नाही हे त्यांना कळेना. तेवढ्यात लिफ्ट उघडली. वरच्या मजल्यावरच्या वाटवेकाकू भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मजल्यावर जात होत्या. सत्तरी ओलांडलेल्या आणि सोसायटीत जिभेनं सगळ्यात धारदार. रांगेची गोष्ट त्यांनी रविवारच्या सभेत ऐकली होती. आम्हाला दोघांना तसं उभं बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, अंकिता शाळेत गेलेली नाही, मी थांबले आहे.

काकू लिफ्टमधून बाहेर आल्या. काकांच्या हातातल्या पेपरकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"चालू द्या तुमचं वाचन, जोग," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही घाई नाही."