लवकर परत

आमच्या शेजारचे घड्याळजी कुठल्याही कामात घाई करत नाहीत. गिऱ्हाइकाला चार चकरा मारायला लावतील, पण चुकीचा स्क्रू बसवणार नाहीत. हा गुण दुकानात शोभतो. स्वयंपाकघरात मात्र त्यापायी माणूस उपाशी मरतो, हे बायकोचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला तेव्हा त्यांना कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी गाजराच्या काड्या चिरल्या, सगळ्या अगदी एका मापाच्या. तासभर गेला. मग मंद आचेवर झाकण घालून शांतपणे बसले. काकूंनी स्टुलावरूनच डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. "अहो, ही परतायची भाजी आहे, घड्याळ नाही उघडून बसायला! लगदा केलात की तिचा!" मीही त्या लगद्यातला वाटीभर खाल्ला. शेजारधर्म म्हणून तोंड बंद ठेवलं.

पण त्या घरात खरं घोडं अडलं होतं दुसरीकडेच. त्यांची एकुलती एक लेक घड्याळं दुरुस्त करण्यात बापाच्याही वरताण. दुकान तीच चालवणार, हे घड्याळजींनी मनाशी पक्कं धरलेलं. तिने मात्र दूरच्या शहरात हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी धरली. "जायचं तर जा, पण पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस," असं हे बोलून बसले. त्याला आठ महिने झाले. आईशी ती रोज बोलायची, बापाशी अक्षर नाही. बापही ताठ. रोज संध्याकाळी फोनवर तिचं नाव उघडायचे, फोटो बघायचे आणि एक शब्द न लिहिता बंद करायचे. हे कोणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत. काकूंना ठाऊक होतं, आणि काकूंमुळे मलाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी पुन्हा धडा सुरू केला. सगळं आधी चिरून ठेवायचं, कढई सणसणीत तापवायची, लसूण, मग गाजर, मग कोबी, पाच मिनिटांत खेळ खलास. विसरायला नको म्हणून घड्याळजी फोनवर टिपून घेऊ लागले. स्वतःशी ते एकेरीतच बोलतात. फोनवर लेकीचंच नाव उघडं राहिलेलं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बोट लागलं आणि मजकूर गेला:

"आच मोठी ठेव. हात थांबवू नको. लवकर परत."

लसूण, गाजर कढईत पडलं, कोबी पडला, तेवढ्यात फोन वाजला. लेकीने लिहिलं होतं:

"बाबा, भाजी परतू की मी परतू?"

घड्याळजींचा हात थांबला. त्यांनी फोन काकूंपुढे धरला. काकूंना आधी हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

"आता काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तेव्हा बोललात ते मला विचारून बोलला होतात?"

कोबी करपायला लागला होता. वास माझ्या घरापर्यंत आला. त्या गॅसकडे दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही. घड्याळजी एकेक अक्षर शोधत लिहीत होते. "भाजी मी परततो. तू परत." ते पाठवलं. मग जरा थांबून, "तेव्हा माझं चुकलं," तेही पाठवलं. या माणसाच्या तोंडून एवढं कधी निघालं नव्हतं, काकू अजून शपथेवर सांगतात.

काकूंनी शेवटी उठून गॅस बंद केला. मग फोन वाजला.

"येईन. पण नोकरी सोडणार नाही, बाबा."

आठ महिने सगळं इथेच तर येऊन अडलं होतं. पण पोस्टकार्डसुद्धा चार वेळा वाचून मग पेटीत टाकणाऱ्या त्या माणसाने या वेळी लिहिलेलं वाचूनही पाहिलं नाही.

"सोडू नकोस. जेवायला ये."