सासूबाईंची केवायसी आणि बोंबलांची राखण

माझ्या सासूबाईंना चारचौघींसारखे दोन अंगठे आहेत, पण रेशन दुकानातल्या यंत्राच्या मते एकही नाही. जन्म सातपाटीत गेला, मासळी कापण्यात आणि मिठात हात घालण्यात अंगठ्यांवरच्या रेषा पार झिजून गेल्या. दुकानदाराने चार वेळा अंगठा दाबायला लावला. लिंबू चोळून या म्हणाला, आई लिंबू चोळून गेल्या. कोमट पाण्यात बुडवून या म्हणाला, बुडवून गेल्या. यंत्र ढिम्म. शेवटी त्याने सांगून टाकलं, "मावशी, केवायसी झाली नाही तर कार्डावरून तुमचं नाव उडेल. तारीख जवळ आलीय."

ही बातमी बायकोने मला सरावलीत, आमच्या घरी, जेवता जेवता सांगितली. आणि मी (इथेच घात झाला) म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना? अंगठा हवाय कशाला? आता मोबाईलवर चेहऱ्याने होतं. दोन मिनिटांचं काम."

मी बोईसरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. दिवसभर मीटर आणि सेन्सर यांच्याशी गाठ, त्यामुळे तंत्रज्ञानावर मला मतं आहेत. सरकारी धोरणांवरही आहेत. साध्या राहणीवर तर अर्ध्या तासाचं भाषण कायम तयार असतं, बायकोला ते तोंडपाठ आहे. त्या दिवशीही मी भाकरी मोडता मोडता म्हणालो, "आपले लोक तंत्रज्ञानाला घाबरतात, हे खरं दुखणं आहे."

"आई घाबरत नाही," बायको म्हणाली. "ती कशालाच घाबरत नाही. तुम्हीच सांभाळा."

पहिली माशी शिंकली ती ओटीपीपाशी. आईंच्या आधारला नंबर जोडलाय त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा, जयेशचा. आणि जयेश होता बोटीवर, रेंजच्या पार पलीकडे. म्हणजे बाई घरात आणि तिचा पुरावा समुद्रात! हे धोरण ज्यांनी आखलं त्यांनी कधी बोट पाहिली होती का, असा प्रश्न मी त्या आठवड्यात कारखान्यातल्या प्रत्येकाला विचारला. कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. बोट धक्क्याला लागली ती अगदी शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी.

मी मोबाईल शंभर टक्के चार्ज करून सातपाटी गाठली. आई घरी नव्हत्या. त्या होत्या वलांडीपाशी. बांबूंच्या उंच मांडवाला तिकडे वलांडी म्हणतात, त्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत घालतात. आई खाली पाटावर बसलेल्या, हातात काठी, नजर आभाळाकडे.

"आई, घरी चला. दोन मिनिटांचं काम आहे."

"आनि बोंबील कोन राकील? कावले बगा किती आलेत."

मग तिथेच सुरू केलं. उजेड तरी चांगला होता. धक्क्यावरच्या जयेशला फोन लावला. मागे इंजिनांची धडधड, बर्फ फोडल्याचा आवाज, त्यातून तो आकडे ओरडतोय. पहिल्या खेपेला एक आकडा चुकला. दुसऱ्या खेपेला वेळ संपली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "दाजी, मी मासली उतरवू का तुमचे नंबर वाचू?" पण वाचले बिचाऱ्याने.

पडद्यावर गोल आला. चेहरा गोलात ठेवा, डोळे मिचकवा. जमलं की गोल हिरवा होणार.

"आई, इकडे बघा."

"बगते ना."

त्या माझ्या खांद्यावरून मागच्या बांबूकडे बघत होत्या.

"आता डोळे मिटा आणि उघडा."

"मिटले ना."

कसले मिटले! एक डोळा जेमतेम अर्धा झाकला, दुसरा टक्क उघडा. मी खोटं सांगत नाही, बोंबील वाळत असताना त्या बाईच्या पापणीला हलायची परवानगीच नसते. सगळा जन्म तशी सवय लावलेली. आणि सरकारला जिवंतपणाची खूण म्हणून हवी होती नेमकी तेवढीच एक हालचाल.

आमची खटपट बघून शेजारच्या वलांडीवरून ताराबाई आल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी. त्या बायकांची रीतच अशी की एकीचं काम अडलं तर बाकीच्या हातातलं टाकून येतात. "अशी मीट गो डोले, अशी," म्हणत तिघींनी आईंच्या खांद्याशी तोंडं आणली आणि जोरजोरात पापण्या मिटून दाखवू लागल्या. अ‍ॅप म्हणालं, एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा." तिघी एक पाऊल बाजूला झाल्या. आता अ‍ॅपला आईंसकट चार चेहऱ्यांऐवजी साडेतीन दिसत असावेत.

एकदाच्या त्या लांब गेल्या. आईंनी मनावर घेतलं, दीर्घ श्वास घेतला आणि खरोखर दोन्ही डोळे गच्च मिटले. तेवढ्यात कावळ्याने डाव साधला. पंखांची फडफड ऐकली मात्र, आई काठी उगारून उठल्या. कावळा बोंबील घेऊन गेला. काठी माझ्या मनगटाला लागली. मोबाईल खाली वाळूत. अ‍ॅप म्हणालं, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.

आता माझं डोकं फिरलं. "आई, एका बोंबलापायी नाव घालवणार का? आज शेवटचा दिवस आहे. उद्या कार्डावर तुम्ही नसणार, कळतंय का?"

आई काठी टेकून उभ्या राहिल्या.

"तुमच्या सासऱ्यांचं नाव काडलं तवा दाखला घेऊन मीच गेलेली," त्या म्हणाल्या. "ते वारले, नाव काडलं, बराबर हाय. मी त इथं उबी हाय ना? माजं कशापायी काडतात?"

मला भयंकर लाज वाटली. इतके दिवस मी ओटीपी, सर्व्हर, धोरण असं बडबडत होतो, आणि या बाईंना फक्त एवढंच वाटत होतं की जिवंतपणी आपल्याला कुणी मेल्यांत जमा करू नये. मी वाळू झटकून मोबाईल उचलला.

"चुकलं माझं, आई. पण मग डोळे मिटा ना."

"मिटीन. पन तवर राकील कोन?"

"मी राखतो."

"तुमी? तुमी त मोबाईलात बगता."

मोबाईल धरायचा तर कावळ्यांकडे बघता येत नाही, कावळ्यांकडे बघायचं तर मोबाईल धरता येत नाही. आईंनीच तोड काढली. माझ्या हातातून मोबाईल घेतला, आडव्या बांबूवर दोन बोंबलांच्या मधे घट्ट बसवला, आणि काठी माझ्या हातात दिली.

"वर बगा. खाली बगायचं नाय."

जयेशकडून ओटीपी घेतला (या वेळी तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही) आणि मी आईंकडे पाठ करून उभा राहिलो. एवढ्या मोठ्या कारखान्याचा इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर, हातात काठी, "हाड् हाड्" करत भर उन्हात नाचतोय. एक कावळा खाली उतरला, मी धावलो. दुसरा उतरला, मी तिकडे धावलो. मागून ताराबाईंचा आवाज आला, "हिरवं झालं गो, हिरवं झालं!"

पहिल्याच झटक्यात. मी बघत नसताना.

मी वळून बघायला गेलो, तर आई म्हणाल्या, "वर बगा!"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आईंनीच उचलला. स्पीकरवरून बायको विचारत होती, "झालं का गं? यांनी केलं ना सगळं?"

"मोबाईलनं आपलं आपन केलं. जावयांनी कावले हाकले," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरे हाकतात. येत्या रविवारीबी धाड त्यांना. मोबाईल नको म्हनावं, काठी इथं हाय."

कारखान्यात मला कायम व्हायला सात वर्षं लागली होती. वलांडीवर मी एका सकाळीत कायम झालो.